दोन ओळींचं पत्र

शिकागो, ११ एप्रिल १९८८
आज एलेना आली, कामाचा वार नसताना. कोटही काढला नाही. "सिन्योरा" (तिच्या स्पॅनिशमध्ये बाईसाहेब), "चर्चमधली बाई म्हणते, पत्र हवं." ब्याऐंशी साल लागायच्या आधीपासून ती या देशात आहे, एवढं कुणीतरी लिहून सही करायची. मग माफीच्या नव्या कायद्यानं तिला राहायचे कागद मिळतील. मुदत ४ मे. अमृता पोटात होती तेव्हा, ८१च्या उन्हाळ्यात, ती आमच्याकडे घरकामाला लागली. त्या वर्षी तिला ओळखणारी, कागदपत्रं असलेली मी एकटीच.
"लिहीन की," म्हटलं. किती सहज म्हटलं.

१२ एप्रिल
हे: "डोकं ठिकाणावर आहे का? इतकी वर्षं तिला कॅश दिली, टॅक्स भरला नाही. मे अखेर माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू. आपणहून सांगायचं त्यांना?"
ही पत्रं मालकांविरुद्ध वापरत नाहीत म्हणे, मी सांगितलं.
"चर्चमधली बाई येणार आहे माझ्याबरोबर इंटरव्ह्यूला?"
अमृता सीरिअल खाता खाता, "बाबा, व्हाय आर यू मॅड ॲट एलेना?"
हे पेपरमागे.

१७ एप्रिल, रवि.
अल्बम काढला. बारसं, डिसें. ८१. फोटोमागे तारखेचा शिक्का आहे. त्या दिवशी बर्फामुळे कुणीच पोचलं नाही, कुलकर्णी काकूसुद्धा. पाळण्याखालून बाळ घ्यायला दुसरी बाई हवी, मग एलेनाच. कपड्यांच्या टोपलीचा पाळणा, खाली वाकून दोन्ही हात पुढे केलेली. मी "कुणी गोविंद घ्या" म्हणतेय, ती हसतेय.
सासूबाईंना पाठवलेल्या प्रतीतून मी तिला कात्रीनं कापलं होतं. सून घरात बाई ठेवते, हे त्यांना दिसू नये म्हणून. ही प्रत राहिली, नशीब.

२५ एप्रिल
पत्र लिहिलं. दोनच ओळी. ह्यांना सांगितलं नाही. 

२९ एप्रिल, शुक्र.
एलेनाबरोबर बसनं डेव्हन रस्त्यावर, पत्रावर नोटरीचा शिक्का घ्यायला. त्यानं फोटो आयडी मागितला. लायसन्स नाही, ड्राइव्हिंग शिकलेच नाही. पासपोर्ट, ग्रीन कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये. किल्ली ह्यांच्या जुडग्यात. "तुझ्याकडून हरवेल," म्हणून, चौदा वर्षं.
एलेना बघतच राहिली. "तुमच्याकडे कागद नाहीत?"
"आहेत गं. माझ्याजवळ नाहीत."
आधी ती हसली, मग मीही. बसमध्ये मात्र मला रडू आलं. तिनं पर्समधून टिश्यू काढून दिला, अमृताला देते तसा, नाक पुसायला.

२ मे
किल्ली मागितली.
"इंटरव्ह्यू झाला की देतो."
"मग काय उपयोग?"
जुडगं खिशात टाकलं. मग, "सुधा, मी वाईट माणूस आहे का गं?"
नाहीत. तेच तर अवघड आहे. पहिल्यांदा आलो तेव्हा विमानतळावरच्या त्या अधिकाऱ्यानं ह्यांना तासभर आत बसवलं होतं. तिथून हे अजून बाहेर आलेलेच नाहीत. आणि मी...

४ मे, बुध.
बँकेत बसून लिहितेय, पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर. सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा जुडग्यातून किल्ली काढली. एलेना शेजारी, मांडीवर पत्र आणि फोटो. नोटरी करून पाचच्या आत चर्चमध्ये पोचायचं.
क्लार्कनं विचारलं, लॉकरच्या कार्डावर माझी सही आहे का; नसेल तर उघडता येणार नाही. खातं उघडलं तेव्हा ह्यांनी बोट ठेवलं तिथं तिथं सह्या केल्या होत्या. या कार्डावर केली का, खरंच आठवत नाही.
क्लार्क कार्ड शोधायला आत गेली आहे. एलेना हळूच विचारते, "सिन्योरा, किती वेळ?"