ताशी पंचवीस

६ मार्च, गुरुवार
आजही मागे पडलो. आयसेल नदीच्या बांधावर समोरून वारा. माझा मित्र बेर्टस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, मी एकाहत्तरचा, दोघांकडे बॅटरीची सायकल. मी कॉफीच्या जागी पोचलो तेव्हा त्याची कॉफी आणि सफरचंदाचा केक संपलेला. कारण वारा. त्यालाही होता, पण तो अंगाने बारीक, वारा त्याला चुकवून जातो.
घरी आलो. बायकोने, वीत्स्केने विचारलं, कशी झाली राइड. सायकल विकू या, एवढंच बोललो.

७ मार्च
निश्चय: उद्यापासून रोज उठाबशा. ब्रेडवर लोणी बंद. सकाळी ओट्स. तीस वर्षं म्युनिसिपालिटीचा जलतरण तलाव सांभाळला, शिट्टीच्या एका फुंकीवर शंभर पोरं पाण्याबाहेर यायची. असा माणूस म्हातारा होत नसतो.
वीत्स्के सायकल सर्व्हिसिंगला घेऊन गेली. शुर्डकडे. शुर्ड म्हणजे तिचा धाकटा भाऊ, सायकली दुरुस्त करतो. बोलतो कमी, हसतो जास्त. मला तो कधीच आवडला नाही.

१३ मार्च, गुरुवार
बेर्टसच्या आधी पोचलो. बऱ्याच आधी.
ओट्स.

२० मार्च
पुन्हा पहिला. बांधावर कॉलेजच्या पोरांना मागे टाकलं, एक स्पोर्टवाला टाइट कपड्यांतला होता, त्यालाही. सायकलच्या मीटरवर मात्र ताशी पंचवीसच. म्हणजे बाकीचे लोक फारच हळू चालवतात, हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.
बेर्टस धापा टाकत आला. म्हणाला, माझे गुडघे गेले आता, हार्म. मी त्याला उठाबशांबद्दल सांगितलं. (माझ्या या आठवड्यात राहून गेल्या, पण तत्त्व तेच.)

२५ मार्च
संताप. शाळा सुटली की जाड टायरच्या, बॅटरीवरच्या सायकली घेऊन पोरं सायकलच्या ट्रॅकवरून सुसाट जातात. आज एकीने मला ओव्हरटेक केलं. मी पायी होतो, पण प्रश्न तो नाही.
आमच्या वॉर्डची पोलीस म्हणजे फेना, वय तिशीच्या आतलं. तिला जाऊन नियम सांगितला. मोटरची मदत ताशी पंचविसाला बंद झाली पाहिजे. त्यापुढे मोटर ढकलत असेल तर कायद्याने ती सायकल नाही, मोपेड. मग तिला नंबर प्लेट पाहिजे, विमा पाहिजे, लायसन्स पाहिजे, डोक्यावर हेल्मेट पाहिजे. फेना म्हणाली, मला माहीत आहे साहेब, मी पोलीस आहे. मी म्हणालो, मग पकडा. ती म्हणाली, बघते.

२ एप्रिल
पुन्हा फेनाकडे. पोलिसांकडे रोलरचं मशीन असतं, त्यावर चाक ठेवून सायकल पळवली की खरा वेग कळतो. ते आणा म्हणालो. तलावावरचा अनुभव सांगितला: एकाला पळू दिलं की सगळे पळतात.
घरी वीत्स्के म्हणाली, तुला काय पडलंय, पोरं आहेत, जाऊ दे. पूर्वी तिच्या मनात कायद्याबद्दल आदर होता.

१० एप्रिल, गुरुवार
पहिला. इतका पुढे होतो की बेर्टस येईपर्यंत केक खाऊन झाला. केकवरचं क्रीमही घेतलं. शरीर आता सगळी चरबी जाळतं.
बेर्टस माझ्या मागच्या चाकाकडे बराच वेळ बघत बसला. टायर बदलावा का, असं विचारलं. तो म्हणाला, टायर ठीक आहे.

१५ एप्रिल
विजय. पुढच्या बुधवारी शाळेजवळच्या पुलाखाली तपासणी. फेनाने स्वतः फोन केला. माझ्यामुळेच होतंय असं ती म्हणाली नाही, पण आवाजात होतं.
वीत्स्केला सांगितलं. ती वाटाण्याचं सूप वाढत होती, अर्धं टेबलावर गेलं. मग म्हणाली, तू कशाला जातोस तिथे. मग म्हणाली, जायचंच तर चालत जा. मग म्हणाली, ब्रेक वाजतोय, सायकल शुर्डकडे टाकू या का बुधवारपर्यंत. ब्रेक वाजत नाही. माझ्या कामाचं कौतुक तिला कधीच झेपलं नाही.

२२ एप्रिल
वीत्स्केला चावी सापडत नाही म्हणे. सायकलची. ओट्सच्या डब्यामागे मला सापडली. विसरभोळी झाली आहे ती. या वयात तिच्याशी समजुतीने वागलं पाहिजे.

२३ एप्रिल, बुधवार. दुपार
लिहायचं नव्हतं.
सायकलवरून गेलो. वीस-पंचवीस पोरं रांगेत, तोंडं पाडून. बेर्टसही बघायला आला होता. मी फेनाला म्हणालो, पहिली माझी घ्या, कायद्यात बसणारी सायकल कशी असते ते पोरांना दिसू दे. फेना म्हणाली, गरज नाही साहेब. मी म्हणालो, आग्रह आहे. बेर्टसने माझी बाही धरली. मी सोडवली.
एकोणचाळीस.
मशीन बिघडलंय म्हणालो. फेनाने पुन्हा लावलं. एकेचाळीस. माझ्या मीटरवर तेव्हाही पंचवीस. माझ्यानंतर एका मुलीची जाड टायरची सायकल चढवली, ती चोविसावर थांबली. पोरं हसली नाहीत, कुजबुजली. हसली असती तर बरं.
फेना हळू आवाजात म्हणाली, ही सायकल नाही, मोपेड आहे. नंबर प्लेट नाही, विमा नाही, हेल्मेट नाही. मी म्हणालो, मी कोण आहे माहीत आहे ना. ती म्हणाली, माहीत आहे, म्हणूनच वाईट वाटतंय. दंड लिहिला. मी विचारलं, मोटर बंद करून नुसती पायडल मारत घरी गेलो तर. नाही चालणार, म्हणाली, मोटर बंद असली तरी रस्त्यावर ती मोपेडच.
ढकलत निघालो. बेर्टस बरोबर होता, स्वतःची सायकल हातात धरून चालत. पुलाच्या पलीकडे गेल्यावर मी विचारलं, तुला माहीत होतं?
म्हणाला, मार्चपासून.
मग बोलला का नाहीस?
तू फार खूश होतास, म्हणाला.

२३ एप्रिल, संध्याकाळ
मला वाटलं शुर्डचं काम. त्याच्यावर केस करायची ठरवून घरात शिरलो. वीत्स्के टेबलाशी बसलेली, कोट घालून, जणू तिलाच कुठे न्यायचंय.
म्हणाली, शुर्डला मी सांगितलं. तो नको म्हणत होता.
का, विचारलं.
म्हणाली, दर गुरुवारी घरी येऊन तू खिडकीकडे तोंड करून बसायचास. सायकल विकू म्हणालास. विकली असतीस तर परत घराबाहेर पडला नसतास. माझ्या वडिलांचं तेच झालं. मोटर थोडी सैल कर म्हणाले शुर्डला. एवढी करेल असं वाटलं नव्हतं.
मी म्हणालो, आणि बांधावर एखादं पोर आडवं आलं असतं तर? आपला विमा सायकलचा आहे, मोपेडचा नाही. जन्मभर भरत बसलो असतो. घर गेलं असतं, वीत्स्के. आणि पोर गेलं असतं.
ती पांढरी पडली. म्हणाली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. ती म्हणाली, तुला कसं विचारणार होते.
वरच्या खोलीत झोपतो आहे.

२६ एप्रिल
ज्यांनी दगा दिला: बायको. तिचा भाऊ. मित्र. मीटर. मीटरचं सगळ्यात जास्त लागलं, ते तर मशीन होतं.
शुर्ड येऊन मीटरला पंचविसावर अडवून ठेवणारी चिप काढून गेला. माझ्याशी बोलला नाही, हसलाही नाही. सायकल पुन्हा पंचवीसची.

२९ एप्रिल
ओट्स खाल्ले. चव नाही. पूर्वीही नव्हती बहुतेक.
एक गोष्ट आज जिन्यात ध्यानात आली. बांधावर ज्यांना मागे टाकलं, त्यांना मी मागे टाकलं नव्हतं. एकालाही नाही. त्या टाइट कपड्यांतल्यालाही नाही. वीत्स्के रोज माझ्याकडून हे ऐकायची आणि छान म्हणायची. सहा आठवडे.

३० एप्रिल
निश्चय: मोटर कायमची बंद. शेडमधून साधी सायकल काढली, हवा भरली. उद्या स्वतःच्या पायांनी जाणार. कुणाची मेहेरबानी नको. वीत्स्केला सांगितलं नाही. ती शेडच्या दारात उभी होती, त्यामुळे कळलं असावं.

१ मे, गुरुवार
वारा समोरून. बेर्टसला फोन करून येऊ नको म्हणालो होतो, तो आला नाही.
वीत्स्के आली. तिच्या बॅटरीच्या सायकलवर, न विचारता, पाच-सहा मीटर मागे. या वर्षात पहिल्यांदाच. मी मागे बघितलं नाही. पहिल्या वळणानंतर श्वास लागला, तो ऊन जास्त असल्याने. दुसऱ्या वळणाला एक बाई लहान मुलाला मागे बसवून मला ओलांडून गेली. मूल मागे वळून बघत होतं.
मग पाठीवर हात आला. शाळेतली पोरं एकमेकांना ढकलतात तसा, सपाट पंजा, खांद्यांच्या मध्ये. हात काढ, म्हणालो. तिने काढला. सायकल जवळजवळ थांबली, डगमगली, एक पाय खाली टेकवावा लागला. ती थांबून राहिली. मी पुन्हा पायडलवर चढलो.
हात पुन्हा आला.
तिच्याशी अजून बोलत नाही. आजही ‘हात काढ’ सोडून बोललो नाही. कॉफीच्या जागेपर्यंत तसेच गेलो, दहा-अकराच्या वेगाने असू, मी सगळा वेळ नदीकडे बघत होतो.