पॅनेलवरची सोलं

मस्कत, १६ मे

आये, नमस्कार गो.

मी बरी आहे. तू पाठवलेली कोकमाची सोलं मिळाली. फोन तू स्पीकरवर ठेवतेस, बाबा ऐकतात, म्हणून हे लिहिते.

घरच्या सोलरची वीज मला इथे मोबाइलवर दिसते. रोज सकाळी दहाला ती घसरते, दुपारी चारला वाढते. विचारलं की म्हणतेस, “ढग इले असतले गो.” आये, तू पॅनेलवर सोलं वाळत घालतेस ना?

मंगळवारी दुपारी गावातली लाइट गेली. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन सोलरच्या अर्धवट भरलेल्या बॅटरीवर चाललं होतं. तू फोन बंद करून आडवी झालेलीस. मी सात वेळा लावला. लाइट आली, तेव्हा बॅटरी तीन टक्के होती.

बाबांना सांगू नकोस. सोलं अंगणात घाल, कोंबड्यांनी विस्कटली तरी चालेल.

तू पाठवलेली सोलांची पिशवी मला अजून उघडवत नाही.

तुझी,
भार्गवी