चौथ्या बोल्टवरची पिवळी रेघ

मी, ज्याला या रस्त्यावर सगळे उस्ताद म्हणतात, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जड गाड्यांची दुरुस्ती, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे आणि तो दाखला बरोबर आहे की नाही हे मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून घेतले आहे. कोणाच्या धाकाने, आग्रहाने किंवा गोड बोलण्याने मी हे लिहीत नाही. गोड बोलणारे गेल्या वर्षभरात बरेच वाढले आहेत, म्हणून तर लिहायला बसलो. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. या कागदांविषयी. वकीलबाई टाइप करून देते म्हणाल्या. मी नको म्हणालो. टाइप केलेल्या मजकुरात कोण कधी काय घुसवेल, सांगता येत नाही. खाडाखोड करणार नाही. मत बदलले तर पुढे नवे कलम लिहीन, जुने तसेच राहील. सगळी पाने जुळवून त्यांच्या कडेवरून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली जाईल. एखादे पान बदलले तर रेघ तुटलेली दिसेल. गॅरेजात बोल्ट आवळल्यावर मी हेच करतो. बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक रेघ. बोल्ट जागचा हलला की रेघेचे दोन तुकडे होतात, कोणाला विचारत बसावे लागत नाही. रेघ फक्त माझ्या हातची ग्राह्य धरावी. दुसऱ्या कोणी मारलेली आढळल्यास ती लबाडी समजावी.

कलम २. राहते घर, तीन खोल्या आणि मागची मोरी, माझ्या एकुलत्या मुलीला. तिच्या एकटीच्या नावावर. जावयाने मागच्या महिन्यात बैठकीची खोली टेप लावून मोजली. विचारले तर म्हणाला, "बाबा, पडदे शिवायला टाकायचेत." पडदे अजून आलेले नाहीत.

कलम ३. बँकेतील ठेव मुलीला. कोणत्या बँकेत, ते तिला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

कलम ४. हत्यारे मुलीलाच, कारण गॅरेज आता तीच चालवते. समोरच्या टायरवाल्याकडे असलेला मोठा जॅक माझा आहे. "उस्ताद, हा मी स्वतः विकत घेतलाय," असे तो चारचौघांत सांगतो. जॅकच्या दांड्याला तळाशी मी कानस मारून तीन खुणा केल्या आहेत. टायरवाला या कागदावर साक्षीदार आहे, तेव्हा हे कलम त्याच्या वाचनात येईल. यावेच.

कलम ५. पिकअप. हे कलम लांबेल, इलाज नाही.

माझी जड पिकअप मुलीला. गाडी उत्तम आहे, पण पूर्वी मागे भरलेला ट्रेलर लावला की तिचे स्टिअरिंग हातात ठरत नसे. सरळ रस्त्यावरसुद्धा सारखे सावरावे लागे. स्टिअरिंग बॉक्समधून खाली येणारा दांडा फक्त वरच्या अंगाला धरलेला असतो, खालचे टोक मोकळे. रुंद टायर आणि वर इतके वजन, मग तो दांडा हिसके खात राहतो. त्यासाठी आधारपट्टी मिळते. गाडीच्या कंपनीची नव्हे, बाहेरची. चॅसीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारी जाड लोखंडी पट्टी, आणि तिच्यात एक बेअरिंग, जे दांड्याचे मोकळे टोक धरून ठेवते. चार बोल्ट. ते आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून बेअरिंगला आपली जागा घेऊ द्यायची, आणि मगच पाना लावायचा. ज्याला धीर नाही त्याने या कामाच्या वाटेला जाऊ नये.

अकरा वर्षांपूर्वी मी ही पट्टी बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी भरलेला ट्रेलर घेऊन घाट उतरणार होती. चारही बोल्ट आवळले, चारही रेघा मारल्या, तेवढ्यात घरून फोन आला की बायको मोरीत घसरून पडली. मी तसाच दवाखान्यात गेलो. सकाळी सहाला परत आलो तर माझा धाकटा भाऊ पिकअपखालून बाहेर येत होता. गॅरेजात त्याची माझी निम्मी भागीदारी. दोनच दिवस आधी आमचे कडाक्याचे भांडण झाले होते, त्याला वेगळे दुकान काढायचे होते. काही घडलेच नाही असा चेहरा करून तो उभा राहिला.

मी आरसा घेतला. चौथा बोल्ट स्टिअरिंग बॉक्सच्या मागे आहे, आडवे पडूनही दिसत नाही. लांब दांड्याचा छोटा आरसा आत घालूनच पाहावा लागतो. पाहिले. रेघेचे दोन तुकडे, आणि बोल्टवरचा तुकडा सैल होण्याच्या दिशेला सरकलेला.

"हात लावलास तू याला?" मी विचारले.

"लावला. घट्ट केलाय मी, दादा."

"घट्ट होता म्हणून रेघ मारली होती. तुला घट्ट करायला उरलं काय?"

त्याने पाना माझ्यापुढे धरला. मी पाना लावून पाहिला. आमचा पाना ठरलेला जोर लागला की खटकन वाजतो. तो लगेच वाजला. मी म्हणालो, माझी चाहूल लागताच चोराने परत आवळला. माझी मुलगी या गाडीतून जाणार हे माहीत असून याने बोल्ट सैल केला, असे मी टायरवाल्यासकट सगळ्या रस्त्याला ऐकवले. धाकट्याने आपली हत्यारांची पेटी उचलली आणि तो गेला. तो बोल्ट मी पुरावा म्हणून तेव्हापासून हलवू दिलेला नाही. वर पत्र्याचे झाकण बसवले आहे.

कलम ६. सबब धाकट्या भावाला माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. भागीदारीचा त्याचा हिस्सा मी त्याच वर्षी मोडून काढला आहे. त्याने गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये. माझ्या अंत्यविधीलाही येऊ नये. पुढे बायको वारली तेव्हा तो आला होता, फाटकाबाहेर तासभर उभा होता. मी आत बोलावले नाही.

कलम १ ते ६ शनिवारी लिहिली. येथून पुढे सोमवार.

कलम ७. वकीलबाई सहीसाठी कारकुनाला घेऊन गॅरेजात आल्या, कलम ५ वाचले आणि म्हणाल्या, "उस्ताद, एवढा मोठा आरोप करताय तर पुरावा जोडा. नाहीतर उद्या तुमचा भाऊ कोर्टात जाईल." पुरावा माझ्याकडे अकरा वर्षे तयार होता. मी मुलीला फोटो काढायला सांगितले. तिने झाकण उघडले, फोन आत सरकवला, फोटो काढला, आणि तो बराच वेळ बघत बसली.

"बाबा, हा सैल नाही झालेला. हा पुढे गेलाय. आवळण्याच्या बाजूला."

मी फोटो पाहिला. तिचे खरे होते. म्हणून मी म्हणालो, "फोन उलटं दाखवतो. जावयाने काहीतरी करून ठेवलंय त्यात."

"आपला स्वतःचा फोटो काढताना दाखवतो उलटं. हा मागचा कॅमेरा आहे. आणि बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलाय तो वाचा की. सुलटा दिसतोय ना?"

बोल्टच्या डोक्यावर त्याच्या ताकदीचा आकडा कोरलेला असतो. फोटोत तो सुलटा होता. मी तिच्या हातून फोन घेतला, ठेवला, आणि आरसा मागितला. गुडघे साथ देत नाहीत, तरी तिच्या आधाराने गाडीखाली गेलो. आरशात आकडा उलटा होता. रेघही उलटी होती. आरसा डावे-उजवे फिरवून दाखवतो हे मी कित्येक शिकाऊ पोरांना शिकवले आहे, कानाखाली वाजवून शिकवले आहे.

कलम ८. मी लिहून देतो की, त्या दिवशी तीन बोल्ट आवळल्याचे मला आठवते. तीन वेळा पाना वाजला. चौथ्याचा आवाज आठवत नाही, फोनची घंटा आठवते. रंगाचा ब्रश हातात होता म्हणून चौथ्यावरही रेघ ओढली आणि पळालो. बोल्ट नुसता हाताने फिरवलेला होता. धाकट्याने सकाळी येऊन तो आवळला. त्याने तो आवळला नसता तर पट्टी घाटात सुटली असती, आणि स्टिअरिंगवर माझी मुलगी होती.

आणखी एक. पाना लगेच वाजला तेव्हाच मला कळायला हवे होते. सैल करून परत आवळलेला बोल्ट पुन्हा आपल्या रेघेपाशी येतो. रेघेच्या मागे राहून घट्ट होत नाही. चार दिवस काम केलेल्यालाही हे समजते. मला समजून घ्यायचे नव्हते. तो खरे बोलला होता, आणि मी त्याला फाटकाबाहेर उभे केले. या गोष्टीची मला लाज वाटते. हे वाक्य वकीलबाई गाळा म्हणतील. गाळू नये.

पडदे काल आले. मापाला बरोबर आहेत.

कलम ९. कलम ६ पूर्ण रद्द. गॅरेजचा निम्मा हिस्सा धाकट्या भावाला, निम्मा मुलीला. धाकट्याने मुलीच्या कामात लुडबूड करू नये, आणि मुलीने काकाचा शब्द खाली पडू देऊ नये. पिकअपच्या आधारपट्टीचे बोल्ट दर सहा महिन्यांनी धाकट्यानेच तपासावेत.

कलम १०. मुलीने त्याला फोन केला. मला विचारले नाही. तो तासाभरात आला. म्हातारा झाला आहे. उंबऱ्याशी थांबला, तेव्हा मी म्हणालो, "ये आत." तो आधी गाडीखाली गेला, पाना लावला. खटकन वाजला. मग माझा चष्मा मागून घेऊन बॉनेटवर ठेवलेली ही सगळी पाने त्याने उभ्यानेच वाचली.

"पाचवं कलम ठेवलंस कशाला?"

"माझी चूक आहे. दिसू दे."

"साक्षीदार कोण कोण?"

"टायरवाला आणि वकीलबाईंचा कारकून."

"कारकुनाला जाऊ दे घरी. मी करतो सही."

वकीलबाई मध्ये पडल्या. "अहो काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत की नववं कलम तुमच्यापुरतं संपलं."

"कळलं," तो म्हणाला.

मला लगेच वाटले, हा मला सगळ्यांसमोर खाली बघायला लावतो आहे. सवय जात नाही. तसे विचारलेही.

तो म्हणाला, "दादा, गॅरेज घेऊन या वयात मी करू काय? मी घट्ट केला होता, एवढंच तुझ्या हातनं लिहून हवं होतं. लिहिलंस. झालं."

त्याला सांगून पाहिले, मुलीनेही सांगितले. ऐकला नाही. तेव्हा त्याचा निम्मा हिस्साही मुलीला. मात्र गॅरेजची एक किल्ली आजपासून त्याच्याकडे राहील. ती मृत्युपत्रातून दिलेली नाही, हातात दिली आहे, त्यामुळे कायद्याला तिच्याशी काही देणेघेणे नाही.

दोन्ही साक्षीदारांदेखत, समजून उमजून, सही करतो. कलम १ मध्ये एक दुरुस्ती आहे. माझा हात आज थरथरतो आहे. पानांच्या कडेवरची पिवळी रेघ धाकट्याने ओढली आहे. ती माझ्या हातची समजावी.

ठिकाण: गॅरेज, पिकअपच्या बॉनेटवर
दिनांक: चौदा नोव्हेंबर, सोमवार, दुपारी साडेचार

सही: उस्ताद

साक्षीदार १: समोरचा टायरवाला. (कलम ४ वाचले. दांडा पाहिला. खुणा तीन आहेत. जॅक उद्या आणून देतो.)

साक्षीदार २: धाकटा भाऊ. (सगळे वाचले. वहिनीच्या वेळी मी फाटकाबाहेर तासभर नाही, संध्याकाळपर्यंत उभा होतो. बाकी मजकूर बरोबर आहे.)