सात नंबरची रेघ

बाबा,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, या कागदावर पत्ता तरी कुठला घालणार! पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या जिवात जीव येणार नाही. मी बेलापूरच्या एका हॉस्पिटलात वायफाय सांभाळते. हृदयाच्या वॉर्डात पेशंटच्या छातीवर लहानसं यंत्र असतं. त्याचे ठोके हवेतून नर्सच्या टेबलापर्यंत येतात आणि पडद्यावर रेघ होऊन उमटतात. हवेतल्या वाटा मात्र मोजक्याच. डॉक्टरांचे मोबाइल, नातेवाइकांचे व्हिडिओ आणि ते ठोके, सगळे त्याच वाटांनी जातात. गेल्या सोमवारी नेट हळू चालतं म्हणून डॉक्टर माझ्यावर डाफरले. मी वैतागून मजल्यावरच्या सगळ्या वायफायच्या डब्यांची ताकद एकदम वाढवली. झालं, डबे एकमेकांवरच ओरडायला लागले. दुपारी नर्सचा फोन, "मॅडम, सात नंबरच्या खाटेची रेघ परत गायब झाली. आता मी काय तिकडेच बसून राहू का?"

जिना चढताना मला दिवाळे गावच्या धक्क्याला बांधलेली आपली होडी आठवली. मी नऊ-दहा वर्षांची. तू बाहेर जाळं शिवतोयस, मी केबिनमध्ये वायरलेसचं बटण दाबून गाणी म्हणतेय, अख्ख्या खाडीला ऐकवायची म्हणून. शेजारच्या होडीतून कुणीतरी ओरडतं आणि तू धावत येऊन माझ्या हातातून ते हिसकावतोस. "सोर ते बटन! तू दाबून बसलीस त दुसऱ्याचा कसा आयकू येल?" बटण सुटलं तसा काकाचा आवाज आला. त्याचं इंजिन बंद पडलं होतं, होडी खडकाकडे वाहत चालली होती, आणि तो कधीचा हाका मारत होता. वाचला बिचारा. तू मात्र सगळ्या होड्यांना ऐकू जाईल असं सांगितलंस, "माज्या पोरीचा हात व्हता बटनावर. चूक माजी हाय." चारचौघांत माझं नाव निघालं म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

मी ताकद उतरवली, शेजारशेजारच्या डब्यांना वेगळ्या वाटा दिल्या, ठोक्यांसाठी एक राखून ठेवली. चार दिवस रेघ तुटलेली नाही. तरी तासातासाला वर जाऊन बघते. त्या दुपारी, पडदा कोरा असताना, सात नंबरच्या पेशंटला काही झालं असतं तर? आणि रिपोर्टात मी काय लिहिलं माहितेय? शेजारच्या इमारतीच्या नेटवर्कचा अडथळा. साहेबांनी वाचून सही केली.

सात नंबरला करावे गावची एक म्हातारी आहे. आज तिनं माझा हात धरला. "रोज येतेस गो बाय माज्यासाटी. सख्खी लेक पन येवरा करत नाय." मी हसले, तिची चादर नीट केली आणि खाली आले. तिला काही सांगितलं नाही, बाबा. उद्या तिला घरी सोडणार आहेत, आणि मला हायसं वाटतंय.