पँटच्या दुमडीतली सालं

प्रिय सीम,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. मार्गा हे पत्र तुझ्या हातात देईल. बायकोवर डाफरू नकोस, आधीच तुझ्यापायी ती अर्धी झालीय.

इस्पितळात भरती झालास तेव्हा अंगात असलेली पँट काल मी धुवायला काढली. दुमडीत काय निघालं सांगू? ट्यूलिपच्या कांद्यांची सालं! आणि डॉक्टर तेर्प्स्त्रांना तू तोंड वर करून सांगितलंस, "मी? मी तर घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही." मार्गाला खोदून विचारलं तेव्हा रडतच म्हणाली, "अगं, सगळे शेडमध्ये कांदे सोलायला बसलेले, हा कसला घरात राहतोय! वर सडक्या कांद्यांचा ढीगही यानेच उपसला. म्हणे, तुम्हाला जमत नाही, आणा ते दाताळं इकडे."

बावन्न वर्षांचा घोडा झालास, अक्कल कधी येणार? तेवीस वर्षं मी प्रयोगशाळेत बुरश्याच बघतेय. सडक्या कांद्यांवरची बुरशी धडधाकट माणूस हुंगतो आणि विसरतो. तुझ्या फुप्फुसात मात्र ती घर करते, कारण तुझी प्रतिकारशक्ती आपण औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलीय. माझी अस्थिमज्जा तुझ्या हाडांत घातली आणि ती तुझ्याच शरीराशी भांडत सुटली, म्हणून. (हसू नकोस. भांडकुदळ मी आहेच.) आणि त्या ढिगातली बुरशी साधी नसते. लागवडीआधी तू कांदे ज्या बुरशीनाशक औषधात बुडवतोस, त्याचंच भावंड नऊ दिवस तुझ्या नसेत जातंय. बुरशी ढिगातच त्याला सरावली असेल, तर ते औषध आणि साधं पाणी सारखंच.

म्हणूनच ताप उतरत नसावा. छातीतला डागही वाढलाय. फुप्फुसात थोडं पाणी सोडून नमुना काढू म्हणतात, तर तू "घशात नळीबिळी घालून घेणार नाही" म्हणत भिंतीकडे तोंड करून पडतोस. नमुनाच नसेल तर आम्ही तबकडीत पेरायचं काय, तुझी बढाई? कुठलं औषध चालतं हे तिथेच कळतं रे! आंधळेपणाने दुसरं जालीम औषध द्यायचं, तर ते तुझ्या मूत्रपिंडांचं वाटोळं करू शकतं.

आता खरं ते सांगते. आज सकाळी मी तेर्प्स्त्राबाईंना सगळं सांगून आले. सालं पिशवीत घालून दाखवली. तू मला चहाडखोर म्हणशील, सहा महिने बोलणार नाहीस. चालेल. त्यांनी माझ्या शब्दावर आज दुपारपासूनच ते जालीम औषध सुरू केलंय, आणि माझा अंदाज चुकला तर तुझी मूत्रपिंडं मी घालवली असं होईल. उद्या नऊला ते नळी घेऊन येतील. सीम, हो म्हण. मला दुसरा भाऊ नाही.

तुझीच, रागावलेली आणि फार घाबरलेली,
आफ्रा