सव्वीस पोरं आणि दोन हात

सोमवार, ७ जुलै २०२५

मुरलीचं बोट दारात सापडलं! मी सावनीची चड्डी बदलत होते — दोन मिनिटं, फक्त दोन! — आणि मागून किंकाळी. अडीच वर्षांचं पोर, नख काळंनिळं. त्याला कडेवर घेऊन बर्फ लावतेय तोवर तिकडे तिघांनी पाण्याचा नळ सोडला.

सव्वीस पोरं. त्यातली बारा तीन वर्षांच्या आतली. आणि मी एकटी. कनका आया नोव्हेंबरात रिटायर झाली, जागा रिकामीच. हेड ऑफिसला चार पत्रं पाठवली. उत्तर एकच — 'विचाराधीन.' डोंबलाचा विचार!

संध्याकाळी मुरलीची आई आली. मी बोलणी खायच्या तयारीत. ती नुसतं म्हणाली, "टीचर, तुम्हाला तरी किती डोळे?" मला रडूच आलं.

बुधवार, ९ जुलै

अंबुजाचा फोन. ती अंबत्तूरचं पाळणाघर बघते, मी इथे आवडी गावातलं. आमच्या संस्थेची अकरा पाळणाघरं, त्यांच्या बाजूनं भांडायला ही एकटी. म्हणाली, "अक्का, ग्रँट देणाऱ्या खात्याची समिती नवे नियम ठरवतेय. किती पोरांमागे किती बायका, पैसे किती, सगळं. आत्ता तोंड उघडलं नाही तर पुढची दहा वर्षं बोंबलत बसायचं."

उघडते तोंड! कधीपासून वळवळतंय.

शनिवार, १२ जुलै

अंबुजाकडे अकरा जणी जमलो. पत्र तयार — लहानग्यांच्या प्रत्येक खोलीत दोन बायका, टीचर आणि आया, हा नियमच करा आणि त्याप्रमाणे ग्रँट द्या. बाकी दहा ठिकाणी आया आहेत, पण त्यांचंही आज आहे उद्या नाही.

अंबुजा सांगत होती, समितीतला एक साहेब तिला म्हणाला, "घरी आजी एकटीच सांभाळते की!" अरे, सव्वीस नातवंडं एका वयाची असलेली आजी दाखव मला! पोर बोलायला शिकतं, चालायला शिकतं, डब्यातलं वाटून खायला शिकतं — ते शिक्षण नाही, आणि पहिलीत गेलं की शिक्षण!

ठरलं असं की विजयेंद्र सर म्हणून समितीतले अधिकारी आहेत, त्यांना एक पाळणाघर प्रत्यक्ष दाखवायचं. माझं. सगळ्यात वाईट परिस्थिती माझीच! अंबुजानं दोनदा बजावलं, "अक्का, काही आवरू नका. आहे तसं दिसू दे." मी म्हटलं, शपथ.

मंगळवार, १५ जुलै

सर सोमवारी येणार.

शनिवार, १९ जुलै

पडदे तेवढे धुतले. पडद्याचा आणि आयाचा काय संबंध?

रविवार, २० जुलै

भिंतीवरच्या खडूच्या रेघोट्या पुसल्या. मग उरलेली भिंत घाण दिसायला लागली, म्हणून तीही पुसली. मग खेळणी. नवरा, दिनकर, चहा घेऊन आला, बघतच राहिला. "अगं, तुला आया मागायची आहे की बक्षीस?"

त्याला काय जातंय बोलायला! फॅक्टरीत याचं मशीन साहेबासमोर रडत नाही. नऊ वर्षांपूर्वी इन्स्पेक्शनला एक बाई आल्या, त्या दिवशी नेमकं एक पोर ओकलं होतं. 'अस्वच्छ' असा शेरा मारून गेल्या. अजून आहे फाइलीत. तेव्हापासून साहेब येणार म्हटलं की दारात कोलमची रांगोळी, पोरांच्या डोक्याला तेल, आणि रडक्या पोरांच्या आईबापांना आदल्या दिवशी फोन — उद्या घरीच ठेवा हं. सगळ्याच करतो आम्ही. अंबुजासुद्धा करायची.

फोन केले मी. नऊ.

सोमवार, २१ जुलै

छान झालं! सर अकराला आले. सतरा पोरं ओळीत बसून गाणं म्हणत होती. एकाचंही नाक वाहत नव्हतं! लावण्या साडेतीन वर्षांची, पण शेजारच्या पोरीला स्वतः सुंडलचे उकडलेले हरभरे भरवत होती. दोघांनी ऐन वेळी भोकाड पसरलं, पण दिनकरनं अर्धी रजा काढली होती. त्यानं त्यांना मागच्या स्वयंपाकघरात नेऊन बिस्किटं चारली.

मी सरांना स्पष्ट सांगितलं, "सर, दुसरी बाई पाहिजेच." ते हसले. "पण टीचर, तुम्ही एकट्याच किती सुंदर सांभाळता!"

आणि मी लाजले. लाजले मेली! तिथेच बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं काय — "थँक यू सर."

मंगळवार, २२ जुलै

अंबुजाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सहा वर्षं भांडतेय मी, अक्का."

मी पण चिडले. घाणीत बसवू का पोरांना? माझ्या अब्रूचं काय? फटाफट बोलून फोन ठेवला. नंतर जेवण गेलं नाही.

चूक माझी आहे. लिहून टाकते एकदा. माझी आहे.

गुरुवार, २४ जुलै

सरांना पत्र लिहिलं. नऊ पोरं घरी होती, नवरा स्वयंपाकघरात होता, सगळं. दिनकरनं वाचलं. "पाठव, पण हे कळल्यावर तुला ठेवतील का?"

आज पुन्हा सव्वीस. मुरली आला, बोटाला पट्टी. दार दिसलं की हात मागे घेतो.

सोमवार, २८ जुलै

पत्र पर्समध्येच. उद्या नक्की.

बुधवार, ३० जुलै

उद्या.

सोमवार, ४ ऑगस्ट

खात्याचं सर्क्युलर आलं. 'आवडी येथील केंद्र एकच शिक्षिका उत्तम रीतीने चालवीत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. त्याच धर्तीवर उर्वरित दहा केंद्रांतील आयांची पदे १ सप्टेंबरपासून रद्द करण्यात येत आहेत.'

खाली माझं अभिनंदन केलंय.