गाळलेली ओळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पोलिसांच्या चौकशी कचेरीतून निवृत्त झालेली टंकलेखिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतः टाइप करीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. थोरल्या मुलाला तो पटणार नाही, पण त्याला माझे काय पटते? आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. वरचा मजला थोरल्याला, खालचा धाकट्याला. मात्र खालची मधली खोली, खिडकीसकट, धाकट्या सुनेच्या एकटीच्या नावे करीत आहे. तिथे गाद्यांची चळत रचायची नाही, पाहुणे झोपवायचे नाहीत, आणि आतून कडी असली तर दार वाजवायचे नाही.

२. टाइपरायटर धाकटीला. ‘ळ’ अडकतो, जोरात मारावा लागतो.

३. माझ्या अहवालात सलग सहा वर्षे ‘कामात संथ’ असा शेरा मारणाऱ्या हेडक्लार्कना मी माफ केलेले नाही. नोंद असावी.

४. आता पुस्तक. धाकटी रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. घरी आली की इस्त्रीच्या टेबलावर तीन वर्षे काहीतरी लिहीत होती. मला वाटे, परीक्षेबिरीक्षेला बसते आहे. निघाली ती खुनाची कादंबरी! तिची पहिलीच. अंधारी गोष्ट, कोणीच धुतल्या तांदळासारखे नाही, आणि सांगते कोण, तर नवऱ्याचा जीव घेणारी बायकोच.

थोरल्याने नऊ पाने वाचली आणि जेवताना सगळ्यांदेखत म्हणाला, “आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.” धाकट्याने आमटी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी धाकटीने दुसऱ्या कादंबरीची वही माळ्यावर टाकली. त्याला सात महिने झाले, वही अजून तिथेच आहे.

मी पुस्तक दोन दिवसांत वाचले. दोनशे बाराव्या पानावर जबाब चालू आहे. साहेब फोन घ्यायला आत जातात. तेवढ्यात ती विधवा एक वाक्य बोलते, आणि टाइप करणाऱ्या बाईची बोटे हलत नाहीत. मी चष्मा काढून ठेवला. पाणी प्यायले, आणि ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले.

कारण हे घडलेले आहे. अडतीस वर्षांपूर्वी, माझ्या टेबलासमोर. नवरा जिन्यावरून पडून मेला होता. बाईच्या दंडावर बोटांचे वळ होते, काही ताजे, काही पिवळे पडलेले. साहेब आत गेले, तेव्हा ती माझ्याकडे बघून एक वाक्य बोलली. ते मी टाइप केले नाही. रिवाजाप्रमाणे साहेबांनी परत येऊन जबाब मोठ्याने वाचला. ती ओळ त्यात नाही, हे तिला कळले. तिने माझ्याकडे बघितले, बराच वेळ. मग नेहमीचे ते वाक्य म्हणाली, “वाचून दाखवले, बरोबर आहे,” आणि सही केली. प्रकरण अपघात म्हणून मिटले.

हे मी कोणालाच सांगितले नव्हते, यजमानांनाही नाही. म्हणून धाकटीला विचारले, तुला हे कोणी सांगितले?

ती गोंधळली. म्हणाली, “कोणी नाही, आई. मला वाटलं, टाइप करणारी बाई असेलच ना तिथे. तिला ऐकू येतच असणार.”

तेवीस वर्षे मी त्या खोलीत बसले. वकील आले, साहेब बदलले, पत्रकार येऊन गेले, आणि मी तिथे आहे हे एकालाही सुचले नाही. या पोरीला ते इस्त्रीच्या टेबलावर बसून दिसले. ही कुठली नजर म्हणायची? माझ्या घरात ती भांडी लावत होती आणि मला पत्ता नव्हता. मला तिची थोडी भीतीही वाटते, आणि अभिमान तर असा वाटतो की सांगता येत नाही.

५. थोरल्याला माझी प्रत द्यावी. छपाईच्या अकरा चुका पेन्सिलीने दाखवल्या आहेत, बाकी पुस्तकात चूक नाही. वरच्या मजल्याच्या चाव्या शेजारच्या घड्याळजींकडे आहेत. थोरल्याने पुस्तक शेवटापर्यंत वाचून, माळ्यावरची वही स्वतःच्या हाताने काढून धाकटीला दिली, की त्या त्याला मिळतील. शिडी न्हाणीघरामागे आहे.

६. ती बाई गेल्या वर्षी वारली. तिला मूलबाळ नव्हते. आता कोणी तिला बोलावून काही विचारू शकत नाही. म्हणून तिची ओळ मी आज टाइप करते आणि धाकटीच्या नावे करते. त्या ओळीचे काय करायचे ते धाकटीने ठरवावे:

“पडताना त्याने माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला.”

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: घड्याळजी (सही)
ठिकाण: राहते घर, मधली खोली
दिनांक: नऊ, मंगळवार, सकाळी अकरा

वरील मजकूर साक्षीदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. या वेळी एकही ओळ गाळलेली नाही. बरोबर आहे.

(सही)